चादरीचं दुसरं टोक

प्रिय मास्तरीणबाई,

तुझ्या एका ओळीच्या पत्राला अठ्ठावीस वर्षांनी उत्तर लिहायला बसले आहे. उशिराची कारणं सांगत नाही. सभेत उशिरा येणाऱ्यांना मी चारचौघांत झापत आले, तेव्हा स्वतःला सूट कशी देऊ?

ते पत्र अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे. पोस्टकार्डावर तुझं गोल गोल अक्षर : "मुके, तुला बोलता येतं हे पेपरात वाचलं. आनंद झाला." बस, एवढंच. ती थप्पड होती की पाठीवरचा हात, हे मला आजवर ठरवता आलं नाही. दर वर्षी कधीतरी ते काढून वाचते आणि परत ठेवते.

तुला कधी सांगता आलं नाही, म्हणून आधी हे सांगते की मी तुमच्या संस्थेत आले कशी. आमच्या दैनिकात बातमीदार म्हणून घेतलेली मी पहिली बाई. घेतली खरी, पण दीड वर्ष माझ्याकडून केस गळण्यावरचे उपाय आणि लोणच्याच्या बरण्या कशा धुवाव्यात, हेच लिहून घेतलं. मग तुमच्या संस्थेतून एक बाई भाजलेल्या हातांनी पळून आली. निराधार बायकांना आसरा म्हणून नाव मिरवणाऱ्या त्या संस्थेत सगळ्या इस्पितळांचे कपडे फुकट धुऊन घेतले जातात, हे तिने आमच्या दारात बसून सांगितलं. पुरुष बातमीदाराला आत प्रवेश नव्हता. मी म्हटलं, मी जाते. सगळा विभाग हसला. एकजण म्हणाला, "ही नाटकात जायची, चुकून पेपरात आली." संपादक मात्र हसले नाहीत. ते म्हणाले, "जा. पण तू तोंड उघडलंस की पाच मिनिटांत सभा भरते. शब्दाशब्दाला शिक्षण दिसतं तुझं. मुकी होऊन जा."

म्हणून मी मुकी झाले. चाळीस दिवसांसाठी.

पहिल्याच दिवशी तू मला तुझ्या समोर उभं केलंस आणि वाळलेल्या चादरीची दोन टोकं हातात दिलीस. लिहिता-वाचता येणारी एकटी तू, म्हणून सगळ्या तुला मास्तरीणबाई म्हणायच्या. घडी घालायची कशी, ते तू शिकवलंस. झटकायची, ताणायची, चार पावलं पुढे येऊन टोकाला टोक जुळवायचं. मला ऐकू येतं पण बोलता येत नाही, एवढं कळल्यावर तू आपल्या दोघींची भाषा केलीस. कोपरा दोनदा ओढला की मेट्रन येतेय. एकदा ओढला की, माझ्याकडे बघ. आणि मग प्रत्येक घडीला एक एक वाक्य बोलायचीस. नवरा गेल्यावर दिराने इथे कसं आणून सोडलं, आठ वर्षांची लेक नणंदेकडे कशी आहे, महिन्यातल्या पहिल्या रविवारी चार वाजता ती फाटकाशी कशी येते. दहा मिनिटं भेट. त्या दहा मिनिटांची तयारी तू महिनाभर करायचीस. तिला विचारायचे प्रश्न पाठ करायचीस, मला म्हणून दाखवायचीस. "तू बरी सापडलीस," तू म्हणायचीस, "ऐकतेस आणि मध्ये बोलत नाहीस. अशी जाऊ मला मिळाली असती तर मी इथे आले नसते."

एकदा धुण्याचा सोडा नाकात गेला आणि मला सलग सात शिंका आल्या. सगळ्या थबकल्या. मला वाटलं, संपलं. तर तू ओरडलीस, "बघा गं, देवाने हिचा सगळा आवाज नाकात ठेवलाय!" आठवडाभर बायका मला बघून शिंकत होत्या. ते हसू मी लेखात घातलं नाही. गांभीर्य जाईल असं वाटलं. सोडा किती वाटी टाकतात, वाफेच्या खोलीला खिडकी किती उंचावर आहे, कुणाच्या हातावर कुठे डाग आहेत, ते सगळं घातलं. हसू गाळलं. आणि आणखी एक गोष्ट गाळली. तिच्यासाठीच हे पत्र आहे.

कपड्यांच्या गठ्ठ्यांना कागदी चिठ्ठ्या टाचलेल्या यायच्या. त्यांच्या मागे मी लिहायचे आणि परकराच्या नेफ्यात शिवून ठेवायचे. पेन्सिल मेट्रनच्या टेबलावरची. निळी, मागे दातांच्या खुणा असलेली. ती मी उचलली. बत्तिसाव्या दिवशी ती पेन्सिल तुझ्या गादीत सापडली.

आपण त्या वेळी चादर धरून उभ्या होतो. मेट्रन पेन्सिल नाचवत आली आणि म्हणाली, "इथे लिहिता एकीलाच येतं." तू म्हणालीस, "बाई, लेकीची शपथ, माझी नाही." मग तू कोपरा एकदा ओढलास. माझ्याकडे बघ. मी बघितलं नाही. चादरीच्या काठाची शिवण बघत राहिले. त्यावर निळ्या दोऱ्याने इस्पितळाचा आकडा घातला होता, तो आजही सांगू शकते : एकशे सत्तावीस. मला एक शब्द बोलायचा होता, "माझी". तो बोलले असते तर नेफा उसवला गेला असता, बत्तीस दिवस पाण्यात गेले असते, तुम्ही ब्याऐंशी जणी तिथेच राहिल्या असता. हे सगळं मी त्या एका क्षणात मनात मांडलं. वादविवादात मी नेहमी जिंकत आले, तशी तेव्हाही जिंकले.

तुला वाफेच्या खोलीत टाकलं आणि रविवारची भेट बंद केली. त्या रविवारी मी वरच्या वाळवणीच्या खिडकीत होते. तुझी लेक आली होती. नवे बूट पायाला लागत असावेत, ते काढून हातात धरले होते. मेट्रन फाटकाशी जाऊन तुझ्या नणंदेशी काही बोलली. नणंदेने मुलीचा दंड धरला आणि तिला वळवलं. ती तीनदा मागे बघत गेली. चाळीसाव्या दिवशी मी बाहेर पडले. महिन्याने लेखमाला आली, चौकशी बसली, संस्थेला टाळं लागलं. ते काम बरोबर होतं. आजही कुणी उलट बोललं तर मी उभी राहून भांडेन. पण "चोरट्या बाईकडे लेकरू देणार नाही" असं म्हणून नणंदेने तुला सहा वर्षं मुलीचं तोंड दिसू दिलं नाही, हे मला नंतर कळलं. कळूनही मी काही केलं नाही. लेखमालेचं पुस्तक झालं होतं, मला व्याख्यानांची बोलावणी येऊ लागली होती. विषय असायचा, 'बोलण्याचं धैर्य'.

गेल्या महिन्यात अशाच एका सभेत भाषण संपल्यावर मागच्या रांगेतून एक बाई उठली. छत्तिशीची असेल. म्हणाली, "माझी आई तुमच्या त्या संस्थेत होती. तिला तिथे चोर ठरवलं होतं. तुमच्या पुस्तकात सोडा किती वाट्या तेही आहे, मग ती चोरी का नाही? खरंच झाली होती म्हणून?" मी ओळखलं, ही तुझी लेक. समोर माइक होता, चारशे माणसं होती. मी पाणी प्यायले. अध्यक्ष म्हणाले, वेळ संपली.

दारात तीच माझ्यासाठी थांबली होती. तिच्या आवाजात राग नव्हता, तेच लागलं. म्हणाली, "आई आता माझ्याकडेच असते. घरात चमचा सापडेनासा झाला तरी आमचे हे हसत म्हणतात, आईंची पिशवी बघा. आईही हसते. मला एकदा नक्की कळलं तर बरं होईल." मी पुस्तक पाठवते असं सांगून पत्ता घेतला. तिथेही खरं बोलले नाही.

आता बोलते. मास्तरीणबाई, ती पेन्सिल तुझ्या गादीत चुकून गेली नव्हती. त्या पेन्सिलीसाठी झडती होणार अशी कुणकुण मला दोन दिवस आधी लागली होती. तू जेवायला गेलीस तेव्हा मी तुझ्या गादीची शिवण बोटाने उसवली आणि पेन्सिल आत सारली. तू मेट्रनची पत्रं लिहून द्यायचीस, तुला ती फार छळणार नाही असा हिशेब केला. गप्प राहण्याआधी मी हे केलं होतं. म्हणूनच तू कोपरा ओढलास तेव्हा मला मान वर करता आली नाही. हे सगळं मी आमच्या दैनिकासाठी माझ्या नावाने लिहून काढलं आहे, कागद सोबत जोडले आहेत. तू हो म्हटल्याशिवाय छापायला देणार नाही. तेव्हा तुला विचारलं नव्हतं, आता विचारते आहे. पण घरच्यांसाठी पेपरची वाट बघू नकोस. लेकीला आणि जावईबापूंना समोर बसव आणि हे पत्र मोठ्याने वाचून दाखव. येत्या रविवारी चार वाजता मी तुमच्या फाटकाशी येईन. दार उघडलं नाहीत तरी दहा मिनिटं थांबेन. उघडलंत, तर त्या दोघांसमोर तो एक शब्द माझ्या तोंडाने बोलेन. तू माझा आवाज अजून ऐकलेला नाहीस, शिंका सोडून.

तुझीच,
मुकी