गव्हाचं जहाज

१० डिसेंबर

निन्फाने गहू भिजत घातला आणि भांडणाला तोंड फुटलं. दरवर्षीचंच आहे.

तेरा तारखेला, संत लुचियाच्या सणाच्या दिवशी पाव नाही, पास्ता नाही, फक्त उकडलेल्या गव्हाची कुच्चीया. दुष्काळात याच दिवशी तिच्या कृपेने गव्हाचं जहाज आलं, आणि भुकेल्या लोकांना दळायचाही धीर निघाला नाही – तसाच उकडून खाल्ला. इथवर आमचं एकमत. जहाज लागलं कुठे, यावर अडतीस वर्षं वाद चाललाय. मी म्हणतो, आमच्या सिराकुसाला. लुचिया इथलीच पोर; ती जहाज दुसऱ्याच्या दारात कशाला नेईल? बायको पालेर्मोची. "तुमच्या बंदरात मासळीच्या होड्या लागतात रे. जहाजं आमच्याकडे येतात!" सून होऊन या गावात आली, पण जहाज काही इकडे वळू दिलं नाही.

माझी आई कुच्चीयात नुसता मध घालायची. ही रिकोटा चीज, चॉकलेटचे तुकडे, संत्र्याची पाकातली साल – काय वाटेल ते! आई म्हणायची, "दुष्काळाची आठवण आहे की लग्नाची पंगत?"

११ डिसेंबर

गव्हाचं पाणी बदलताना ओट्यापाशीच कोसळली. उजवी बाजू लुळी. वाचा गेली. माझ्याकडे बघते, पण ओळखते की नाही कळत नाही. डॉक्टर म्हणतात, वाट बघा.

घरी येऊन गव्हाचं पाणी बदललं. दुसरं काय करणार?

१२ डिसेंबर

गहू शिजायला टाकला. शेजारच्या इग्नात्सियाबाई आल्या. "भाऊ, अशा वेळी गोडधोड कसलं करताय?" म्हटलं, तिने भिजवलेला गहू मी टाकणार नाही. मग त्या ॲप्रन बांधून मदतीला उभ्या राहिल्या.

त्या त्रापानीकडच्या. त्यांच्यात दुधाची घट्ट पांढरी खळ करून घालतात. एन्नाची त्यांची जाऊ काबुली चणेही घालते म्हणे. "तुमच्यात काय?"

मधाची बाटली समोरच होती. मी म्हणालो, रिकोटा. तो चाळणीवर घासून मऊ करतात हे आज कळलं. इतकी वर्षं नुसता खात आणि टोमणे मारत आलो.

१३ डिसेंबर

लुचियाची चांदीची मूर्ती मिरवणुकीला निघाली असेल. मूर्तीला खांदा देणारे घालतात ती माझी हिरवी टोपी खुंटीवरच राहिली. मी इस्पितळात, मांडीवर डबा घेऊन.

नर्स म्हणाली, "काका, घास भरवायचा नाही हं. ठसका लागेल." बोटभर? "बोटभरही नाही." वाटी नुसती तिच्या नाकाशी धरली. तिने डोळे मिटून घेतले. मग डब्यातली कुच्चीया खोलीतल्या सगळ्या बायकांना वाटली. शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीने चमचा चाटत विचारलं, "पालेर्मोची का हो बायको?"

तिथे माझा बांध फुटला. निन्फाच्या कानाशी वाकलो. म्हटलं, जहाज पालेर्मोला आलं होतं. ऐकलंस? तुझंच खरं.

हे ऐकायला ती अडतीस वर्षं थांबली होती. गल्लीभर सांगत सुटली असती. पापणीही हलली नाही. बाहेर मिरवणुकीचे बार उडत होते आणि मी भिंतीकडे तोंड करून रडलो. ती गेली तर मी कोणाशी भांडू?

१४ डिसेंबर

सकाळी तिचे ओठ हलले. शब्द वाकडा, पण स्पष्ट – "सिराकुसा."

मी म्हटलं, नाही गं, पालेर्मो.

तिने डावा हात गादीवर आपटला. "सिराकुसा!"