घागर भरायची शिकवणी

प्रकाशा,
चैत्र वद्य पंचमी, १९६२

प्रिय सरला,

तुझं पत्र पोचलं. आखाजीला माहेरी येणार, झोका बांधून ठेवा, हे तुझ्या आईला दोनदा वाचून दाखवलं. तिसऱ्यांदा वाच म्हणाली तेव्हा मी चिडलो. माझा स्वभाव तुला ठाऊकच आहे. मग वाचलं.

तापीचं पाणी आटलंय, वाळूत डांगरं पिकलीत, यंदा खरबुजं साखरेसारखी गोड आहेत. आईच्या पोटदुखीचं मात्र थांबायचं नाव नाही. मागच्या महिन्यात दवाखान्यात नेलं होतं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, मास्तर, घरी न्या, आवडेल ते खाऊ घाला. येताना एस.टी.त ती विचारत होती, काय म्हणाले? मी खिडकीबाहेर केळीचे मळे बघत बसलो.

गावात मयत झाली की लोक मला बोलावतात. देह म्हणजे चार दिवसांचं बिऱ्हाड, असं सांगून मी किती बायाबापड्यांचे डोळे पुसले! स्वतः रचलेल्या ओव्या म्हटल्या. परवा तेच तिच्या उशाशी सुरू केलं, तर म्हणाली, "आत्मानं ऱ्हाऊ द्या, मन्ही कंबर दुखी ऱ्हायनी." मी वही मिटली आणि कंबर चोळत बसलो.

मग तिनं भलतंच काढलं. अक्षय्य तृतीयेला, आपल्या आखाजीला, पितरांची घागर दर वर्षी तीच भरते. मी ओट्यावर बसून, पाणी उन्हानं उडतं, पितर पीत नाहीत, असं व्याख्यान झोडतो. यंदा म्हणाली, शिकी ल्या. कुंभाराकडून नवी घागर आणायला लावली. पाणी भरा, गळ्याला सूत गुंडाळा, वर डांगर ठेवा, दोन आंबे, सांजोरी. घागर जड होते म्हणून मी अर्धीच भरली. "मी काय अर्धा पानीवर ऱ्हासू का?" अशी कडाडली, की क्षणभर वाटलं, बरी झाली ही.

शेवटी ज्याची घागर त्याचं नाव घ्यायचं असतं. बत्तीस वर्षांत मी तिला नावानं हाक मारली नाही. आधी 'ऐकलं का', तू झाल्यावर 'सरलाची आई'. ती म्हणाली, नाव ल्या, मी ऐकस. तोंड उघडलं, 'सरलाची आई' एवढंच आलं. समोर जितीजागती बसलेली, तिला पितरांत कसा बसवू? घागर लिंबाच्या बुंध्याशी ओतली आणि मागच्या दारी जाऊन रडलो. सरला, मला काहीच करता येत नाही गं.

तुला कळू देऊ नका, असं तिनं बजावलंय. आखाजीला येणारच आहे पोर, तोवर सुखात राहू द्या, म्हणते. आखाजीला अजून तेरा दिवस आहेत. डॉक्टरांनी महिना सांगितला होता, तो काल संपला. आता लिहीत होतो तर तिनं विचारलं, कोनले? तुला, म्हणालो. म्हणाली, "लिखी द्या, माय मजामा शे." लिहिलं बघ. पण ते खरं मानू नकोस. आखाजीआधी सुनेला माहेरी धाडत नाहीत हे मला कळतं. तरी सासूबाईंना हे पत्र वाचून दाखव, मास्तर पाया पडतात म्हणावं. आणि मिळेल त्या एस.टी.नं निघ. मला एकट्याला हे निभत नाही.

तुझाच,
आबा