चार बोटांचा प्ले

३ तारीख, सोमवार

पोचलो एकदाचा. बसमधून उतरलो तर दादा स्वतः थांब्यावर हजर. अकरा वर्षांत ओळखू येणार नाही असं वाटलं होतं, पण माणूस तोच. पोट तेवढं पुढे आलंय, आणि 'मधल्या' ही हाक अजून अख्ख्या रस्त्याला ऐकू जाते. मिठी मारताना त्याचा हात माझ्या पाठीवर जरा उशिरा पडला. वय झालं, दुसरं काय.

खाली गॅरेज, वर घर. मला गॅरेजमागची खोली दिलीय. खाट, टेबल, मोठी खिडकी. वहिनींनी चादर धुऊन ठेवली होती. आम्ही तिघे भाऊ, तिघेही मिस्त्री. दादाला मान, धाकट्याला लाड आणि मधल्याला दादाचे उतरलेले कपडे, असा आमच्या घरचा हिशोब. माझं वर्कशॉप बंद पडल्यापासून सहा महिने मी रिकामा बसलो होतो, आणि या वेळी दादाने धाकट्याला सोडून मला बोलावलं. खोटं कशाला लिहू, छाती फुगली.

४ तारीख

हातात पहिलं काम दादाच्याच गाडीचं. जुनी फोर व्हील ड्राइव्ह, उंच, दणकट, हिरवा रंग उडालेली. स्टिअरिंग ढिलं. चाकं सरळ ठेवून स्टिअरिंग हलवलं तर चार बोटं नुसतंच फिरतं, पुढची चाकं जागची हलत नाहीत. यालाच आम्ही प्ले म्हणतो. मी दादाला म्हटलं की ही गाडी चालवायची नाही, तिला विनंती करायची आहे. तो हसला.

या तपासणीला दोन माणसं लागतात. एक वर बसून स्टिअरिंग डावी-उजवीकडे हलवतो, दुसरा गाडीखाली पडून एकेका जोडावर हात ठेवून ढिलाई कुठे आहे ते शोधतो. दादा वर, मी खाली. टायरची हवा ठीक, चाकांचे बेअरिंग ठीक, टाय रॉडचे सांधे घट्ट, स्टिअरिंग बॉक्स चॅसीला धरणारे बोल्ट घट्ट. मग दिसलं: वरून येणारा दांडा फिरतोय आणि बॉक्सखालचा आर्म ढिम्म. म्हणजे ढिलाई बॉक्सच्या आत. बॉक्सवरचा चेकनट सैल केला, त्यातला स्क्रू पाव फेरा आवळला, नट परत घट्ट केला. याहून जास्त एकदम आवळायचा नाही, नाहीतर स्टिअरिंग जड होतं आणि वळणावरून परत येत नाही. हे मला दादानेच शिकवलं. प्ले एका बोटावर आला. दादाचे डोळे भरून आले. एवढ्याशा कामाला रडायचं काय, म्हणून मी त्याची थट्टा केली.

५ तारीख

सकाळी पुन्हा चार बोटं. गंमतच आहे. काल मी नट आणि स्क्रूवरून रंगाची रेघ ओढली होती, काही हललं तर कळावं म्हणून. रेघ जशीच्या तशी. कशालाही हात लागलेला नाही. दादा म्हणाला जुनी गाडी आहे, रोज थोडं थोडं कर. पुन्हा तो वर, मी खाली, पुन्हा पाव फेरा.

जेवताना पाहिलं, दादाला वहिनी भरवतात. विचारलं तर म्हणाला हात ऐकत नाहीत, वर्ष झालं. मला कुणी कळवलंसुद्धा नाही. वाईट वाटलं. मी आलो ते बरं झालं.

७ तारीख, शुक्रवार

रोज तेच चाललंय. सकाळी चार बोटं, पाव फेरा, एक बोट. रेघ जागच्या जागी. एवढे पाव फेरे आवळल्यावर स्टिअरिंग दगडासारखं जड व्हायला हवं होतं. माझी अक्कल चालेना.

आज दादाने स्वतःच्या हाताने चहा ओतला. वहिनी बघत राहिल्या. माझ्या हातून मात्र कप सुटला. धरला असं वाटलं, आणि धरलेला नव्हता.

१० तारीख

मी म्हटलं आज मी वर बसतो, तू खाली जा, तुझी नजर माझ्यापेक्षा पक्की. दादा एकदम उखडला. त्याचे गुडघे दुखतात म्हणे. सकाळीच तो दोन दोन पायऱ्या एकदम चढताना मी पाहिला होता. पुन्हा मीच खाली गेलो. मोठा भाऊ आहे.

शर्टाची बटणं लावायला बराच वेळ लागला. हाताला सांगितलं की आधी काहीच होत नाही, मग तो एकदम जातो आणि पुढे निघून जातो.

१२ तारीख, बुधवार

मिस्त्रीला दुसरं काय सुचणार. टेबलावर खडूने खूण केली, हात लांब ठेवला आणि बोटाने खुणेला शिवायला गेलो. चुकलो. दहा वेळा केलं. मोजलं.

दोन बोटं.

आज आवळायला नको म्हणालो. दादाने गळ घातली. शेवटचं, म्हणाला. माझ्यासाठी. गेलो खाली. त्याला मी कधी नाही म्हटलंय?

१३ तारीख

दादा उन्हात बसून वहिनींना सुईत दोरा ओवून देत होता. एका दमात.

मी समोर जाऊन बसलो आणि विचारलं. वाटलं होतं तो हसण्यावारी नेईल, मला वेड्यात काढेल. तसं झालं असतं तर बरं होतं. त्याने सगळं सांगितलं, शांतपणे, शिकवताना सांगायचा तसं. वर जो स्टिअरिंग धरून बसतो त्याच्या अंगातली ढिलाई, खाली जो पाना फिरवतो त्याच्या अंगात उतरते. त्याच्या गळ्यात ती गाडीच्या जुन्या मालकाने अशीच घातली. अनोळखी माणसाकडे जात नाही का, विचारलं. जाते, म्हणाला, पण अनोळखी माणूस रोज रोज कशाला खाली जाईल?

मग म्हणाला, तुला बायको नाही, मुलं नाहीत, तुझ्यावाचून कुणाचं अडत नाही. धाकट्याला नुकती मुलगी झालीय. खूप विचार केला, म्हणाला.

म्हणून मला बोलावलं. केसाने गळा कापला माझ्या भावाने. आणि चादर धुतलेली होती.

१४ तारीख

तीन बोटं. बॅग भरता येत नाही. चेन सापडत नाही हाताला.

वहिनी भरवायला आल्या. मी तोंड फिरवलं. त्या म्हणाल्या, भाऊजी, माफ करा. त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. मग भूक लागली आणि खाल्लं. त्याचीच जास्त लाज वाटते.

१५ तारीख, शनिवार

चार बोटं. जीभही आता — शब्द उशिरा येतो. तोवर समोरचा उठून जातो.

दादा माझ्यापाशी बसला. पाय चेपले. रडलासुद्धा. तुला असं बघवत नाही, म्हणाला. धाकट्याला बोलावलंय, म्हणाला. तो तरुण आहे, त्याला पेलेल. मी नको म्हणालो. नको म्हणायला इतका वेळ लागला की तो —

मुलगी चार महिन्यांची आहे. ती धाकट्याने उचलायची कशी?

१६ तारीख

लिहायला फार — ओळ सोडून जातो हात.

ठरलं. तो आला की सांगायचं. गाडीखाली जाऊ नको. एवढंच. सकाळपासून घोकतोय. खाली जाऊ नको. खाली जाऊ

१७ तारीख, सोमवार. दुपार

धाकटा आला. मला पाहून गळ्यात पडला. मुलीचा फोटो दाखवला. मी तोंड उघडलं. खा — एवढंच आलं. तो म्हणाला, जेवण मागाहून, आधी दादाची गाडी बघतो.

दादाने मला उचलून वर बसवलं. डावा हात स्टिअरिंगवर ठेवला. वही मांडीवर आहे. धाकटा खाली गेला — हलव म्हणतोय. हात आपोआप हलतो —

पाना लागला. पाव फेरा.

आता शब्द ओळीवर बसतात. जीभही हलते, दातांना लावून पाहिली. आता सांगता येईल. दादा समोर उभा आहे, माझ्याकडे बघत नाही.

धाकटा घाईचा. एकदमच सगळं आवळून टाकतो म्हणतोय. दुसरा पाव फेरा. बोटांत पेन घट्ट आहे, किती दिवसांनी. सांगतो. खाली जाऊ नको असं नाही, बाहेर ये, असं सांगायला हवं. सगळा शब्द तोंडात तयार आहे. शर्टाचं बटण लावून पाहिलं, लागलं.

तिसरा. अजून एक फेरा झाला की सांगतो, मग नक्की, त्याला म्हणतो की बाहेर