दुकानाची जागा आणि बिनसाखरेची बिस्किटं

संध्याकाळी भट्टी विझली की हे आणि मी दुकानाच्या मागच्या पायरीवर बसून मोडकी बिस्किटं खायचो. लोण्याची होती, चावावी लागत नसत. धाकटे भाऊजी तेव्हा नुकतेच धंद्यात आले होते. ते आमच्या मध्ये घुसून बसत आणि मोठा तुकडा उचलत. आज त्यांच्याबद्दल काही कडू लिहायचं आहे, म्हणून आधी हे लिहिलं.

१. हे माझं मृत्युपत्र. मला आजार साखरेचा आहे, विसरण्याचा नाही. डोकं ठिकाणावर आहे, कोणी भरीला घातलेलं नाही. वकिलांच्या टेबलावर भाऊजींच्या दुकानाचा खोका दिसला, म्हणून सगळं स्वतःच्या हाताने लिहिलं आहे. हे अक्षर कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरांनी घोटून घेतलेलं आहे. त्याची नक्कल कोणाला जमायची नाही.

२. राहतं घर, दागिने आणि बँकेतली ठेव माझ्या एकुलत्या एक मुलीला.

३. दुकानाची जागा माझ्या नावावर आहे. धंदा भाऊजी पाहतात. यांना मधुमेह निघाला तेव्हा भाऊजींनी बिनसाखरेची बिस्किटं काढली आणि दर आठवड्याला भावाला खोका पाठवू लागले. हे निर्धास्त खायचे. मला मात्र टाळूला मेण लागल्यासारखं वाटे. भर उन्हाळ्यातही ती बिस्किटं मऊ पडत नसत. तेल कोणतं घालता, असं मी विचारलं, तर भाऊजी हसले.

"वहिनी, साखर नाही ना यात? मग झालं तर. तुम्ही इन्स्पेक्टर व्हायला हवं होतं."

यांनीही भावाचीच री ओढली. मागच्या खोलीत जाऊन पाहिलं, तर तेलाच्या डब्यांवरची लेबलं खरवडलेली.

हे हृदयविकाराने गेले. वनस्पती तुपासारख्या घट्ट केलेल्या तेलात ट्रान्स फॅट असू शकतं आणि मधुमेह्याच्या हृदयाला आधीच असलेला धोका ते वाढवतं, मग साखर असो वा नसो, हे आमच्या डॉक्टरीणबाईंनी मला नंतर समजावलं. त्या खोक्यांनीच घात केला असं मी म्हणत नाही. पण संशय गेला नाही, आणि मीही त्याला हाकललं नाही.

४. आता मुलीलाही साखर निघाली आहे आणि खोका तिच्या घरी जातो. काका प्रेमाने देतात, म्हणते. प्रेम आहेच, म्हणून तर तिला नाही म्हणवत नाही.

५. भाऊजींनाही हल्ली तोच आजार आहे. परवा मुलीने त्यांच्याच खोक्यातलं बिस्किट त्यांच्यापुढे धरलं. "आत्ताच जेवलोय गं," म्हणून त्यांनी नुसता चहा घेतला. माझं उत्तर इथे देते.

जागा माझ्यामागे मुलीची. भाऊजींनी तिथे हयातभर बिनभाड्याने धंदा करावा. अट एकच: रोज भट्टीतून निघालेलं पहिलं बिस्किट त्यांनी गिऱ्हाइकांसमोर स्वतः खावं. टाळलं, तर मुलीने कुलूप लावावं. मला त्यांना घालवायचं नाही. ते जिवाला जपणारे आहेत. तेलाचा डबा आपोआप बदलेल.

६. माझी कढई मुलीला. तळणाचं तेल पुन्हा पुन्हा तापवणाऱ्या कोणाला ती उसनी देऊ नये. शिवणाची पेटी नातीला. यांचं मनगटी घड्याळ भाऊजींना. त्यांनी मागितलं तेव्हा मी रागाने दिलं नव्हतं. त्यांनी पहिलं बिस्किट खाल्लं की मुलीने ते स्वतः त्यांच्या हातावर बांधावं.

सही: वहिनी, म्हणजेच जागेची मालकीण

साक्षीदार (दोघंही त्या दुकानातलं काही खात नाहीत, याची खात्री केली आहे):
आमच्या डॉक्टरीणबाई
समोरचे शिंपी

ठिकाण: माझं स्वयंपाकघर
दिनांक: ९ मार्च, सोमवार, दुकान बंद असताना