दगडी पुलावरून काय दिसतं

रेगेन्सबर्ग, ३ मार्च २०२४

ती. कुमुदिनीताईस,
वैभवीचा सा. न. वि. वि.

ईस्टरला तू आणि मार्टिन येणार, तर इथे काय पाहायचं ते विचारलंस. डोम चर्चचे दोन मनोरे, डोनाऊ नदीवरचा दगडी पूल, पुलाशेजारची सॉसेजची जुनी खानावळ (तू नाक मुरडशील, मार्टिनभावोजी दोन ताटं उडवतील) आणि जुन्या राटहाउसच्या, म्हणजे नगरभवनाच्या तळघरातली छळकोठडी.

कोठडी आम्ही गेल्या रविवारी पाहिली. गाइडने माणसाला टांगायचा दोर दाखवला, तेव्हा आमची अन्वी मोठ्याने जर्मनमध्ये म्हणाली की, आमच्याकडे बाबा पट्टा वापरतात. सगळे हसले. हेही हसले. घरी आल्यावर ह्यांनी माझा उजवा हात दाराच्या फटीत धरून दार लावलं. दोन बोटं मोडली. म्हणून हे डाव्या हाताचं अक्षर, हसू नकोस.

फोन हे रोज तपासतात. उत्तर शेजारच्या फ्राउ हूबरच्या पत्त्यावर पाठव. ताई, मला भीती वाटते. आम्हा दोघींना इथून ने.

तुझ्या मायेच्या भरवशावर,
वैभवी

कोलोन, ७ मार्च २०२४

चि. सौ. वैभवीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळताच मार्टिनला वाचून दाखवलं. मार्टिन म्हणाला, आत्ताच्या आत्ता पोलिसांना कळव. त्याला आपली रीत काय ठाऊक! घरातलं आधी घरात बोलावं, म्हणून थोरल्या बहिणीच्या नात्याने मी गुरुदत्तरावांनाच फोन केला, तुझं पत्र वाचून दाखवलं. अगं, ते ढसाढसा रडले. पुन्हा हात उचलणार नाही म्हणून अन्वीची शपथ घेतली. रविवारी तुम्हा दोघींना पुलावर फिरायला नेणार आहेत. एवढं एकदा सांभाळून घे, ईस्टरला मी येतेच आहे. बोटं जप.

या थोरलीवर माया असू दे.
तुझी ताई

१४ मार्च २०२४

ती. ताईस,
सा. न.

रविवारी गुरुदत्तने आम्हाला पुलावर नेलं. ऊन होतं, गर्दी होती. मधोमध आल्यावर त्याने माझा गळा धरला आणि मला कठड्यावरून मागे वाकवलं. म्हणाला, नीट बघ, आता लिही ताईला इथून काय दिसतं ते. खाली डोनाऊ फेसाळत होती. लोकांना वाटलं, आम्ही फोटो काढतोय.

आईला सोडा म्हणून अन्वी ओरडली, तेही मराठीत. एरवी ती जर्मनमध्येच उत्तरं देते आणि त्यासाठी त्याच्या थपडा खाते. त्या दिवशी मराठीत ओरडली आणि कुणी वळूनही पाहिलं नाही. त्याने तिला लाथ घातली. मग ती जर्मनमध्ये किंचाळली, तेव्हा दोन सायकलवाले धावले. एकाचं नाक त्याने फोडलं. माझं डोकं दगडावर आपटलं. नऊ टाके आहेत.

पोलिसांनी त्याला नेलंय, पण तो सुटेल. आम्ही दोघी फ्राउएनहाउसमध्ये, मार खाल्लेल्या बायकांच्या निवाऱ्यात आहोत. गाव कुठलं ते कुणालाही कळवायचं नसतं. सख्ख्या बहिणीला तरी कळवू का, असं विचारणार होते. नाही विचारलं. तो पुन्हा रडला, तर तू सांगशील.

लोभ आहे तसाच राहू दे. पत्ता मागू नकोस.
वैभवी