पंचमीची मेंदी आणि दहा बोटं

सोमवार, २१ जुलै २०२५

स्वप्नालीची नोकरी पक्की झाली! कॅनडात, नर्सची. आमच्या पणदऱ्यातनं एवढ्या लांब जाणारी सून माझीच असंल. पण त्याआधी बारामतीला पोलिसांच्या हापिसात दहाही बोटांचे ठसे द्यायचे. हिनं कुठं गुन्हा केलाय का ते तपासणार म्हणं! म्हणलं, मला इचारा की! नवरा गेला तरी सासूला सोडून माहेरी गेली न्हाय, एवढाच गुन्हा. स्वप्नाली हसली. "आत्या, तितं असं चालत न्हाय." वीस ऑगस्टच्या आत ठसे दिले न्हाईत तर जागा दुसरीला जाणार.

माझा सुयोग गेला तवा ह्या पोरीनंच मला घास भरवले. आता तिचं चांगलं होऊ दे, देवा. माझं काय, म्हशी हायत की सोबतीला.

२८ जुलै

उद्या पंचमी. मेंदी भिजवली आन् स्वप्नालीला समोर बसवलं. "नको आत्या, लोक काय म्हणतील?" लोक हायतच म्हणायला! शेजारच्या अप्पांची बायको लगेच हजर. "जयवंता, आगं तिला कशी लावतीस? शोभतं का?" म्हणलं, तुझ्या हाताला लावते का मी? माझ्या सुनेचा हात हाय!

तिच्यापेक्षा ल्हान होते मी, मालक गेले तवा. त्यानंतर माझा हात कुणी हातात घेतला न्हाय मेंदी लावायला. लई आवडायची मला. म्हणून हिला तळहातावर चांद काढला आन् बोटांची पेरं पार नखापतूर रंगवली, आमच्यात लावत्यात तशी.

३० जुलै

घात झाला! हवालदारानं स्वप्नालीचा हात बघितला आन् म्हणाला, "ताई, ह्या मेंदीनं मशिनवर ठसे यायचे न्हाईत." तरी बिचाऱ्यानं टेकवून बघितली बोटं. परत परत लाल दिवा. "रंग उतरला की या."

हौस करायला गेले आन् पोरीला मीच आडवी आले. अप्पांची बायको बोलली ते बरं, मी तर करूनच बसले! येष्टीत स्वप्नाली माझा हात धरून बसली. "रंगलीया मातर झकास," म्हणाली. हसू का रडू!

३१ जुलै

कुणी म्हणतं लिंबू चोळा, कुणी म्हणतं राखेनं भांडी घासाय लावा. स्वप्नाली म्हणाली, कातडी झिजली तर ठसेबी जातील. झालं! आजपासनं तिच्या हाताला काम न्हाय. भांडी, शेणघाण, धारा सगळं माझ्याकडं. तिच्या बोटांना साय चोळते. भांडती माझ्याशी. भांडू दे!

९ ऑगस्ट

राखीला ती इंदापूरला गेलीया, भावाकडं. सवयीनं दोघींचा चहा टाकला. ती गेल्यावर असंच व्हायचं. आत्तापासनं शिकायला पायजे.

१८ ऑगस्ट

आले! दहाच्या दहा ठसे आले! प्रत्येक बोटाला हिरवा दिवा लागला तसा मी तितंच हवालदाराला हात जोडले. तो म्हणाला, "मावशी, तुमी कशाला घाबरता, तुमचे थोडेच घेतोय!"

बाहेर आल्यावर स्वप्नालीच्या तोंडात पेढा घातला. घरी येऊन म्हशीच्या आडोशाला मनसोक्त रडले. तिला दिसलं न्हाय, बरं झालं.

२१ ऑगस्ट

दिसलं व्हतं तिला.

सकाळी भांडी घासायला बसले, तर तिनं तारेची घासणीच काढून घेतली. माझी बोटं उलटीपालटी करून बघितली. सगळी भेगाळलेली. "काय ही दशा! असल्या हाताचे ठसे यायचे का?"

"माझे कशाला यायला पायजेत?"

"मी फुडं जाऊन घर बघते. मग तुमाला यायचंय. एकटी जाणार असं कधी म्हणलं मी?"

मी हातातलं भांडं खाली ठेवलं. मग म्हणाली, "उद्यापासनं सगळी कामं माझी. तुमी बोटांना साय लावून बसायचं. आन् आत्या, ठसे होईपतूर मेंदी न्हाय. तितं आल्यावर मी लावीन तुमाला. पार नखापतूर."