पायाने उघडणारं दार

सॉल्सबरी,
रविवार, १९ जून १९४९

लाडक्या लेटीस,

तुझं पत्र बुधवारी मिळालं. ताप उतरला आणि आता खाट व्हरांड्यात टाकतात हे वाचून बरं वाटलं. जूनमध्ये ठीक आहे. पण थंडीतही उघड्यावरच झोपवणार असतील, तर तुमच्या सॅनेटोरियमच्या सिस्टरबाईंना सांग, एकदा आमच्या इंजिनवर येऊन वारा कसा लागतो ते बघून जा म्हणावं.

घरचं सगळं नीट आहे. वाटाण्याला शेंगा धरल्या आहेत. शेजारच्या मिसेस लवलेस दर गुरुवारी मटणाचं पॅटिस आणून देतात. त्यात मटण शोधावं लागतं, पण रेशनच्या दिवसांत त्यांनी तरी कुठून आणावं? तुझ्या खोलीतल्या पडद्यांना मी हात लावलेला नाही. धुतले तर आटतील अशी भीती वाटते.

बाबांची बातमी तुला हवी आहे, तर ऐक. आम्हाला नवं इंजिन मिळालं. एक्झिटरच्या गाडीला ते मोठं, चपट्या अंगाचं हिरवं इंजिन लावतात ना, तेच. सगळं झकास आहे, फक्त भट्टीच्या दारावरून तुझ्या वडिलांचं आणि त्या इंजिनाचं पहिल्या दिवसापासून वाकडं आहे. जुन्या इंजिनाचं दार हाताने उघडायचं आणि हातानेच लोटायचं. या दाराला खाली एक छोटा वाफेचा सिलिंडर आहे आणि जमिनीवर पेडल. पेडलवर पाय ठेवला की वाफ फुस्स करते आणि दाराची दोन पाखं दोन बाजूंना होतात. पाय काढला की टाळी वाजल्यासारखी मिटतात. म्हणजे फावडं आत जाण्यापुरतंच दार उघडं. गार वारा आत शिरत नाही, भट्टीचा जोर टिकतो आणि आपलं तोंडही भाजत नाही.

"पायाने दार कोण उघडतं ठाऊक आहे?" बाबा म्हणाले. "हॉटेलातला वेटर."

"त्याचे हात भरलेले असतात म्हणून, मिस्टर टोझर. माझेही भरलेले असतात."

(घरी बाबा, इंजिनवर मिस्टर टोझर. हा नियम अजून आहे. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी त्यांनीच घालून दिला होता: "इथे मी कुणाचा सासरा नाही.")

पहिल्या दिवशी मी हरलो. पाय जरा आधी उचलला आणि दाराने फावडंच धरलं. कोळसा उडाला आणि एक चांगलं नारळाएवढं ढेकूळ बाबांच्या पायाच्या अंगठ्यावर पडलं. येऑव्हिलपर्यंत ते एका पायावर उभे राहून गाडी चालवत होते. मग हुकूम सुटला की हाताच्या दांड्याने दार उघडं अडकवून ठेवायचं, पेडलला शिवायचं नाही. दोन आठवडे मी तसंच केलं. आमचा कोळसा मात्र सगळ्यांपेक्षा जास्त लागायला लागला, आणि इंजिनांच्या शेडमध्ये लोक हसतात हे बाबांच्या कानावर गेलं. एक दिवस त्यांनी स्वतःच तो अडकवलेला दांडा सोडला आणि खिडकीबाहेर बघत म्हणाले, "कर तुझा नाच."

आता मला ताल सापडला आहे. पाय, फावडं, पाय. परवा एक्झिटरला उतरताना त्यांनी मागे वळून कोळशाकडे पाहिलं. "उरला आज," एवढंच बोलले. त्यांच्याकडून एवढं म्हणजे पुष्कळ झालं, हे तुला मी काय सांगू.

बाबा खाली दोन ओळी लिहायची जागा मागताहेत. सोडतो.

तुझा,
क्लेम

लेटी, तुझा नवरा माझ्या इंजिनवर नाचायला शिकतो आहे. तू जेवत जा. दूध टाकू नकोस. — बाबा

*

सॉल्सबरी,
रविवार, ६ नोव्हेंबर १९४९

लाडक्या लेटीस,

पत्राला उशीर झाला, रागावू नकोस. पाऊस थांबत नाही. कोबीला गोगलगाई लागल्या होत्या, मीठ टाकलं. मिसेस लवलेस यांची मांजर पुन्हा व्याली. एक पिल्लू ठेवायचं का? तुला चालेल असं धरून मी करड्या रंगाचं एक निवडून ठेवलं आहे.

मी सध्या शेडमध्येच काम करतो. राख काढणं, रुळांवर टाकायची वाळू वाळवणं, अशी कामं. दिवसपाळी असल्यामुळे जेवण वेळेवर होतं. तू नेहमी म्हणायचीस ना, माणसासारखी वेळ मिळावी, ती मिळाली आहे.

बाबा बरे आहेत. कामात असतात, म्हणून या वेळी त्यांच्या ओळी नाहीत. पुढच्या भेटीच्या रविवारी येता येईलसं वाटत नाही, गाड्यांची गडबड आहे.

तू औषध घे. डॉक्टर वजनाबद्दल काय म्हणाले ते कळव.

तुझा,
क्लेम

*

सॉल्सबरी,
रविवार, २७ नोव्हेंबर १९४९

लेटी,

तुझं पत्र काल आलं. एका ओळीचं. "बाबा जिवंत आहेत की नाही, एवढंच लिही."

जिवंत आहेत. आत्ता स्वयंपाकघरात बसून त्या मांजराच्या पिल्लाला शिव्या देताहेत. ते त्यांच्या बुटात झोपलं आहे. आधी हे वाच, श्वास घे, मग पुढचं वाच.

मी तुला लिहिलं नाही, कारण तुमच्या सिस्टरबाईंना फोन केला होता. त्या म्हणाल्या, ताप पुन्हा वर गेला आहे, धक्का बसेल असं आत्ता काही नको. मी ते मानलं. पण खरं सांगायचं तर त्यांनी नको म्हटलं याचा मला आधार वाटला. लिहावं लागलं नाही. आता तू विचारलंस, आणि त्याही परवानगी देतात, तेव्हा सगळं लिहितो.

ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही सकाळची एक्झिटरची गाडी नेत होतो. पाऊस होता, रुळांवर पानं कुजून चिकट झाली होती. होनिटनचा चढ चढून बोगद्यात शिरलो. मी कोळसा टाकत होतो. पेडलवर पाय, दार उघडं, फावडं अर्धं आत. तेवढ्यात चाकं घसरली. ही इंजिनं ओल्या रुळावर एकदम घसरतात. गाडी जागच्या जागी आणि चाकं वेड्यासारखी गरगर फिरतात, असा आवाज होतो की दात हलतात. बाबांनी झटकन वाफ बंद केली. ती करावीच लागते. पण धुराड्यातून वर जाणारी हवेची ओढ वाफेमुळेच असते, आणि वाफ तोडण्याआधी ओढ राखायचा वेगळा कॉक उघडायचा असतो. तो उघडायला क्षणही मिळाला नाही. बोगद्याच्या छताखाली धूर कोंडलेला, वर जायला वाट नाही. मग भट्टीतली आग उघड्या दारातून उलटी आमच्याकडे आली.

मला ती येताना दिसली. काय करायचं हेही माहीत होतं. पाय उचलायचा, बस. पायाला ते कळलं नाही. मी तसाच वाकून उभा राहिलो.

बाबा त्यांच्या जागेवरून माझ्या अंगावर आले. दोन्ही हात पुढे करून त्यांनी मला मागे कोळशाच्या टेंडरच्या बाजूला ढकललं. मी पडलो, पाय सुटला, दाराची टाळी वाजली. आग आतच मिटली. सगळं इतक्या लवकर झालं की लिहायलाच जास्त वेळ लागतो आहे. पण तेवढ्यात त्यांचे हात माझ्या आणि दाराच्या मध्ये होते.

माझ्या भुवया गेल्या, कान भाजला, दुसरं काही नाही. त्यांचा चेहरा टोपी आणि चष्म्यामुळे बराचसा वाचला. डोळे शाबूत आहेत, हे मी देवाची शपथ घेऊन सांगतो. हात मात्र वाचले नाहीत.

ते त्यांच्या जागेवर जाऊन बसले, हात मांडीवर उताणे ठेवून. आवाज जराही बदलला नाही. "ओढ लाव," म्हणाले. लावली. "आता गाडी तू काढ. वाफ हळू दे, हळू. बाईचा हात धरल्यासारखी." बोगद्यातून बाहेर मी काढली लेटी, ते सांगत होते तशी. होनिटनला थांबवली. स्टेशनमास्तर धावत आले तेव्हा बाबा त्यांना म्हणाले, "मला उतरवा, मला दांडा धरता येत नाही." तेव्हा मी पहिल्यांदा त्यांच्या हातांकडे नीट पाहिलं.

हॉस्पिटलात तीन आठवडे होते. उजव्या हाताची दोन बोटं काढावी लागली, उरलेली आखडली आहेत. डावा अंगठा चालतो. कप दोन मनगटांत धरून चहा पितात. शर्टाची बटणं मी लावतो. पहिल्या दिवशी म्हणाले, "वर बघू नकोस, बटणाकडे बघ." आता आम्ही दोघंही छताकडे बघून ते काम उरकतो. गाडी ते पुन्हा चालवणार नाहीत. रेल्वेचे साहेब चौकशीला आले तेव्हा त्यांनी स्वतःच सांगितलं, "वाफ मी तोडली, ओढ आधी लावायची ती राहिली. कोळसा टाकणाऱ्या फायरमनचा दोष नाही." मी काही बोलायला तोंड उघडलं तर म्हणाले, "तुला कुणी विचारलंय?"

हॉस्पिटलात एका दुपारी मी त्यांना विचारलं, "बाबा, तुम्ही माझ्यासाठी मध्ये आलात?"

"दार मिटायचं होतं. तुझा पाय पेडलवर होता, म्हणून तुला हलवलं."

"म्हणजे तेव्हा तुम्ही दाराचा विचार करत होतात?"

"मग काय तुझा करत होतो? पाच महिने तुझा नाच बघतोय. पाय काढला की दार मिटतं हे मला कळत नाही असं वाटलं की काय?"

आणि भिंतीकडे तोंड फिरवून झोपल्यासारखे पडून राहिले. झोपले नव्हते.

तुला शेडमधल्या कामाचं लिहिलं ते खोटं नाही. पण ते काम मी मागून घेतलं, हे लिहिलं नव्हतं. कान बरा झाल्यावर मला दुसऱ्या ड्रायव्हरबरोबर लावलं होतं. इंजिनवर चढलो, पेडलसमोर उभा राहिलो, आणि पाय त्याच्यावर जाईना. फोरमन भला माणूस आहे. काही न विचारता त्याने मला राखेच्या खड्ड्यावर पाठवलं. तिथे बरं वाटतं. तिथली आग विझलेली असते. राखच काढत राहायची, असं मी मनाशी ठरवूनही टाकलं होतं. लोक काही बोलत नाहीत. न बोलणं कसं असतं ते तुला त्या वॉर्डात माहीतच असेल.

बाबांना घरी आणून आठ दिवसही झाले नव्हते. माझ्या डब्यावर, चेहऱ्यावर रोज कोळशाऐवजी राख का असते, हे त्यांनी पाहिलं. परवा शुक्रवारी दुपारी पाहतो तर स्वारी शेडमध्ये हजर. कोट खांद्यावर टाकलेला, कारण एकट्याला बाह्यांत हात घालता येत नाहीत. फोरमनशी काही बोलले. फोरमन बाबांना म्हणाला, "मी चहाला चाललोय, ॲम्ब्रोज. माझी पाठ इकडे आहे." आणि खरंच गेला.

आमचंच इंजिन उभं होतं, संध्याकाळच्या गाडीसाठी वाफ धरत. बाबा कोपरांनी दांडे धरत वर चढले. मी मागून आधार द्यायला गेलो तर म्हणाले, "मी काय पियानो आहे?"

वर गेल्यावर मला म्हणाले, "फावडं घे."

"बाबा, मला नाही जमणार."

"इंजिनवर मिस्टर टोझर. पेडलला हात लाव असं कोण म्हणालंय तुला? फावडं घे."

मी घेतलं. कोळसा भरून उभा राहिलो. ते दारापाशी आले आणि आपला उजवा बूट पेडलवर ठेवला. फुस्स झालं, पाखं उघडली. आतला उजेड त्यांच्या तोंडावर पडला. मला वाटलं ते मागे सरतील. नाही सरले.

"टाक," म्हणाले.

टाकलं. त्यांनी पाय काढला, दार मिटलं. पुन्हा फावडं भरलं, पुन्हा त्यांनी पाय ठेवला. असं आम्ही बराच वेळ केलं. डाव्या कोपऱ्यात कमी पडतंय म्हणून एकदा ओरडलेसुद्धा. मग पेडलवर पाय तसाच ठेवून, आत बघत म्हणाले, "आयुष्यभर दोन हात होते तेव्हा या दाराला नावं ठेवली. आता बघ. हात नसलेल्या माणसाला उघडता येईल असं अख्ख्या इंजिनवर हे एकच आहे."

फावडं टेकवून उभा राहिलो. त्यांनी पाय काढला, बाजूला झाले, आणि पेडल मोकळं सोडलं. पुढचा पाय मी ठेवला. पहिल्यांदा टाच घसरली. दुसऱ्यांदा उघडलं.

उतरताना मात्र त्यांनी मला आधार देऊ दिला.

आता तुझ्याबद्दल. पुढच्या रविवारी आम्ही दोघं येतो आहोत. बाबांनी नवे हातमोजे घालून पाहिले आणि काढून ठेवले. मी म्हटलं, घाला की, बाहेर थंडी आहे. तर म्हणाले, "ती काय थंडीच्या सबबीला फसणार आहे?" ते तुला घाबरले आहेत, लेटी. आगीला इतके घाबरले नव्हते. तू त्यांची पोर. आई गेल्यावर लहानपणी तुझ्या वेण्या घालायचे ते याच हातांनी. हे ते बोलत नाहीत. काल रात्री जेवताना चमचा खाली पडला तेव्हा एवढंच म्हणाले, "तिथे चहा देऊ नका म्हणून आधीच सांगून ठेव." मी सांगणार नाही. चहा येऊ दे. तू कप त्यांच्यापुढे ठेव आणि दुसरीकडे बघू नकोस. सांडला तर सांडू दे.

तुझ्या एका ओळीबद्दल मी रागावलेलो नाही. एवढे दिवस तू एकटीच ती ओळ मनात घेऊन पडून होतीस, याचं मला वाईट वाटतं. यापुढे जे होईल ते होईल तेव्हाच लिहीन. तूही तसंच कर. वजन उतरलं असेल तर उतरलं असं लिही.

बाबा आता शेजारी येऊन बसले आहेत. लिहायला सांगताहेत, जसंच्या तसं लिही म्हणतात: "लेटी, हात पाहून रडायचं असेल तर रविवारच्या आधीच रडून घे. भेटीचा वेळ थोडा असतो, तो मला तुझ्याशी बोलण्यात घालवायचा आहे."

उद्या पहाटे एक्झिटरच्या गाडीवर पेडलसमोर उभा राहणारा,
तुझा क्लेम